नकोशा निरोपाचें तिकीट

पोस्टमन दारीं येऊन "नॉटपेड पत्र आहे" असें म्हणाला कीं पूर्वीं घरांतील मंडळी क्षणभर विचारांत पडत. पाठविणाऱ्यानें तिकीट लाविलेलें नसे. पत्र घ्यावयाचें तर दुप्पट आकार भरावा, नको असेल तर परत करावें. एकाच्या कृत्याचा खर्च दुसऱ्यावर पडला म्हणजे काय होतें, याचा तो घरगुती धडा होता.

इंग्लंडांत १८४० पूर्वीं बहुधा पत्र घेणाराच टपालखर्च देई. रोलंड हिल यांनीं १८३७ सालीं पुस्तिका लिहून ही रीत उलटविण्याची सूचना केली, आणि १८४० सालीं एक पेनीचें तिकीट निघालें. हिंदुस्थानांत १८५४ पासून पाव तोळ्याचें पत्र, अंतर कितीही असो, अर्ध्या आण्याच्या तिकिटावर जाऊं लागलें. खर्च पाठविणाऱ्याकडे आला.

ईमेल आणि मोबाइल यांनीं हा न्याय पुन्हां बिघडविला. दहा लाख लोकांस जाहिरात धाडण्यास आतां फारसें कांहीं पडत नाहीं. दहा गिऱ्हाइकें मिळालीं तरी धाडणाऱ्याचा लाभच. बाकीच्यांची दुपारची झोप मोडली, तिचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

यावर सुचविलेला एक उपाय असा: प्रत्येकानें ओळखीच्या माणसांची यादी ठेवावी, त्यांस कांहीं आकार नाहीं. अनोळखी इसमानें मात्र निरोपाबरोबर अल्पशी अनामत ठेवावी. निरोप उपयोगी वाटल्यास ती परत मिळावी, नकोसा वाटल्यास घेणाऱ्याच्या पदरीं पडावी. अनामत पांच पैसे धरली, तर जुन्या शाळासोबत्याचा शोध घेणाऱ्यास ती जड नाहीं. दहा लाख निरोप धाडणाऱ्यास मात्र पन्नास हजार रुपये अडकवावे लागतील. सिंथिया ड्वॉर्क व मोनी नाओर या संशोधकांनीं १९९२ सालीं पैशांऐवजीं श्रमांची युक्ति मांडली: प्रत्येक पत्रामागें संगणकानें एक लहानसें गणित सोडवावें. एका पत्रास त्याचा भार वाटत नाहीं, लाखों पत्रांस वाटतो.

भारतांतही याच्या जवळचा प्रयोग झाला. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०११ सालीं जाहिरातीच्या प्रत्येक एसेमेसवर पांच पैसे आकार बसविला. परंतु तो एका कंपनीकडून दुसरीकडे जाई, त्रास सोसणाऱ्या घरास त्यांतून कांहीं मिळत नसे. २०१२ सालीं एका सिमवरून दिवसास शंभरांहून अधिक एसेमेस गेल्यास पुढील प्रत्येकास किमान पन्नास पैसे ठरले. पुढें २०१८ च्या नियमांनीं जाहिरातदारांची नोंदणी व ग्राहकांची संमति यांवर भर दिला, आणि २०२० सालीं तो पन्नास पैशांचा आकार रद्द झाला.

अनामतीच्या योजनेंतही अडचणी आहेत. लबाड मनुष्य दुसऱ्याचा संगणक बळकावून पत्रें धाडील आणि भुर्दंड निरपराध्यास बसेल. म्हणून एका दिवसांत किती रक्कम अडकावी, यास मर्यादा हवी. शिवाय रस्त्यांत अपघात झालेल्या माणसाच्या घरीं कोणी परका मनुष्य आपल्या फोनवरून कळवूं लागला, तर पांच पैशांसाठीं ती घंटा अडतां कामा नये. आकार मागाहून वसूल व्हावा, हांक आधीं पोंचावी. एवढें सांभाळलें तर अनोळखी माणसास दार उघडें राहील, आणि दिवसांतून शंभरदां तें ठोठावणाऱ्यास आपला हात आवरावा लागेल.