राजा गेला, पाणवठा राहिला

काठमांडूला पोचलो तेव्हा सप्टेंबर २०२५ च्या उठावाला दोन-अडीच महिने झाले होते. सिंहदरबारच्या भिंतींवरची काजळी तशीच होती. ८ सप्टेंबरला समाजमाध्यमांवरची बंदी आणि पुढाऱ्यांचा भ्रष्टाचार यांविरुद्ध तरुण रस्त्यावर आले. गोळीबार झाला. पहिल्याच दिवशी १९ जण मेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला आणि संसदभवन पेटले. १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की पंतप्रधान झाल्या. मी गेलो तेव्हा ५ मार्च २०२६ ची निवडणूक पुढे होती आणि चहाच्या दुकानांत तिच्याशिवाय दुसरे बोलणे नव्हते.

‘आता सगळं बदलणार,’ एक विद्यार्थी मला म्हणाला. सगळं म्हणजे काय, असे मी विचारले. त्याने मोजून सांगितले : लाचखोरी, बेकारी, पोटासाठी आखातात जाणारी माणसे. त्या यादीत जात नव्हती. मी तिचे नाव काढले तेव्हा तो सहज म्हणाला, ‘ती तर कायद्याने केव्हाच गेली.’

मित्रहो, हे वाक्य ऐकण्यासाठी आपल्याला नेपाळात जावे लागत नाही.

नेपाळात जात आली तीही कायद्यानेच लिहून. १८५४ साली जंगबहादूर राणाने ‘मुलुकी ऐन’ काढला. त्यात सगळ्या जातींची उतरंड सरकारी कलमांत बांधली. ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही आणि ज्यांचा स्पर्श झाला तर पाणी शिंपडून शुद्ध व्हावे लागते, असा एक वर्गच त्यात ठरवून दिला. लोखंड घडवणारे कामी, कपडे शिवणारे आणि लग्नात वाद्ये वाजवणारे दमाई, चामड्याचे काम करणारे सार्की हे त्या वर्गात. आपल्याकडे मनुस्मृती ही पोथी होती. तिथे ती राज्याची दंडसंहिता झाली. १९६३ च्या नव्या ऐनाने ही उतरंड कायद्यातून काढली, पण अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा काही ठेवली नाही. शिक्षेचा स्वतंत्र कायदा यायला २०११ साल उजाडले.

मधल्या काळात राज्य किती वेळा बदलले! २००६ च्या जनआंदोलनाने राजाला नमवले. २८ मे २००८ रोजी राजेशाहीच संपली. ६०१ सदस्यांच्या संविधान सभेला संविधान न लिहिताच २०१२ साली विसर्जित व्हावे लागले. दुसरी सभा निवडली आणि २० सप्टेंबर २०१५ ला संविधान आले. त्याच्या ४० व्या कलमात दलितांचे हक्क स्वतंत्र लिहिले आहेत; भूमिहीन दलिताला एकदा जमीन देण्याचे वचनही त्यात आहे. आणि २३ मे २०२० रोजी पश्चिम रुकुममध्ये, तथाकथित वरच्या जातीच्या मुलीवर प्रेम करणारा एक दलित तरुण तिला आणायला मित्रांसह गेला, तेव्हा जमावाने त्यांना भेरी नदीपर्यंत पिटाळले. सहा तरुण मेले. हे राजाच्या काळात घडले नाही; प्रजासत्ताकाच्या बाराव्या वर्षी घडले.

मग आशा कुठे आहे? ती शोधत मी बागलुंगच्या डोंगरात गेलो. १९४७ साली सर्वजित विश्वकर्मांनी दलितांची संघटना उभी केली ती याच भागात.

नेपाळच्या नव्या व्यवस्थेत प्रत्येक वडा समितीत, म्हणजे वॉर्डात, अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांतल्या दोन महिला आणि त्यांपैकी एक दलित महिला असलीच पाहिजे. २०१७ च्या निवडणुकीत अशा साडेसहा हजारांवर दलित स्त्रिया निवडून आल्या. जगात इतकी मोठी गोष्ट फार थोड्या ठिकाणी झाली आहे. पण शिफारसपत्रावर सही अध्यक्षाची.

अशा एका सदस्येला मी भेटलो. दमाई समाजाच्या. मी ‘दिदी’ म्हटले, त्यांनी मला ‘भाइ’ केले.

‘कार्यालयात चहा एकाच किटलीतून येतो,’ त्या म्हणाल्या, ‘पण बैठक अध्यक्षाच्या घरी ठेवली की मी अंगणात. योजना ठरली की सहीला बोलावतात.’

आपल्याकडे राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंचबाईला ग्रामसभेत झेंडा लावू न देणारी गावे मला आठवली.

‘मग काय केलंत?’

‘दोन वर्षं सही केली नाही. वस्तीतल्या बाया घेऊन दर बैठकीला दारात बसले. शेवटी नळ आला. पहिलं पाणी कोण भरणार यावरून भांडण झालं. मी रजिस्टर काखेत धरून पहिला हंडा भरला.’

इथेच मला सिंहदरबार आणि वडा यांतला फरक कळला. नोव्हेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या दोन-तीन आठवडे आधी, बाबासाहेब याच काठमांडूत जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांवर बोलले होते. बळाने आणलेले परिवर्तन बळ हटताच ढासळते, माणसाचे मन बदलले तरच ते टिकते, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. दरबार एका दुपारी जळतो. अंगण जळत नाही. ते ओलांडावे लागते, आणि एकट्या बाईला ते ओलांडता येत नाही. कायद्याने तिला खुर्ची दिली. बळ दिले ते दारात बसलेल्या बायांनी.

त्या काठमांडूच्या विद्यार्थ्याची आशा खोटी नाही. त्याचे मित्र गोळीने मेले आहेत. पण त्याच्या यादीत जात येत नाही तोवर ती यादी अपुरी आहे. आपल्या चळवळीनेही स्वतःला हेच विचारले पाहिजे : आपण राखीव खुर्च्या मोजतो, पण त्या खुर्चीमागे, दारात, किती जण बसले आहेत?