पाणथरी काढावी की ठेवावी?

मराठीत जिला आपण पाणथरी किंवा प्लीहा म्हणतो, तिला कन्नडमध्ये ‘गुल्म’ म्हणतात. दोन्ही भाषांतली नावे मला ठाऊक होती, काम मात्र ठाऊक नव्हते. नर्सिंग शिकणारी माझी मावसबहीण एकदा सिस्टिक फायब्रोसिस या रोगाविषयी सांगत होती. मी पडलो वाणिज्य शाखेचा! चटकन म्हणालो, “पाणथरी त्रास देते ना? मग काढून टाकावी.”

“इतके सोपे असते तर!” ती हसून म्हणाली आणि तिने सारे समजावून दिले.

हा रोग आनुवंशिक आहे. त्याचे जनुक १९८९ साली सापडले. यात शरीरातील स्राव घट्ट व चिकट होतात. फुप्फुसे आणि स्वादुपिंड यांना ते छळतातच. पण काही रुग्णांत यकृतातील पित्ताच्या बारीक नळ्याही तुंबतात. यकृत हळूहळू कठीण बनते. आतडी व पाणथरीकडून यकृतात येणाऱ्या रक्ताची वाट अडते, दाब वाढतो आणि पाणथरी फुगते. ती रक्त गोठविणाऱ्या रक्तपट्टिका व पांढऱ्या पेशी अडकवून ठेवते, जठराला व श्वासपटलाला रेटते. आधीच दम लागणाऱ्या मुलाला मग दोन घासही जड होतात.

अशा वेळी पाणथरी काढली, तर पोटातला भार उतरतो व पेशींची संख्या सुधारते. पण पाणथरी रक्तातील जंतूही गाळते. ती काढलेल्या बालकांना गंभीर जंतुसंसर्ग होतो, हे किंग आणि शूमाकर यांनी १९५२ साली दाखवून दिले. म्हणून शक्यतो शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी न्युमोकोकससारख्या जंतूंवरील लशी देतात; पुढेही साधा ताप अंगावर काढून चालत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे रक्तपुरवठ्यासह थोडी पाणथरी राखून बाकीची काढणे. तिसरा, पाणथरीची नीला डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेला जोडून अडलेल्या रक्ताला नवी वाट देणे. मात्र यांपैकी कशानेही यकृत बरे होत नाही. तेच निकामी होऊ लागले, तर यकृतरोपणाचा विचार करावा लागतो.

वाचकहो, आमच्या हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर कर्ज यकृताच्या नावावर आहे आणि तगादा पाणथरीकडे! जामीनदाराला घराबाहेर काढल्याने कर्ज फिटत नाही, उलट राखणदार मात्र जातो. माझे ते चटकन दिलेले उत्तर मी बहिणीकडून परत घेतले आहे.