पक सोडून मान बघा

ग्रँड रॅपिड्सच्या व्हॅन अँडेल अरीनात मी गोलच्या मागची, वरच्या रांगेतली जागा घेतो. खाली काचेला लागून बसले, तर खेळाडू एकमेकांवर आदळतात तेव्हा अंगावर काटा येतो, पण समोरच्या दहा मीटरपलीकडचे काही उमगत नाही. वरून मात्र ६१ मीटर लांबीचे ते सगळे बर्फ सारीपाटासारखे पसरलेले दिसते. मांडीवर वही असते आणि पानाच्या डोक्यावर एकाच खेळाडूच्या जर्सीचा आकडा. साठ मिनिटे मी त्या एका मुलाकडे बघतो. गोल कोणी केले ते नंतर गुणपत्रकात वाचता येते.

डेट्रॉइट रेड विंग्ज या व्यावसायिक आइस हॉकी संघाच्या होतकरू मुलांची मी दर ऑगस्टमध्ये क्रमवारी लावतो. पहिल्यापासून विसाव्यापर्यंत वीस नावे. क्लबचे पगारी स्काउट हेच करतात आणि त्यांच्या शब्दावर लाखो डॉलरचे करार होतात. माझी यादी चार मित्रांपुरती असते. तरी ती हलक्या हाताने लागत नाही. नाव लिहायचे तर त्या मुलाला निदान पाच सामने पुरता पाहिलेला असावा, हा माझा नेम होता.

वाचकांसाठी थोडी मांडणी करतो. एनएचएल या सर्वोच्च लीगमध्ये आज ३२ संघ आहेत. दर वर्षी जूनअखेरीस अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांची निवड होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्या, २२४ नावे. निवड झाली म्हणून मुलगा लगेच डेट्रॉइटला येत नाही. तो कॅनडातल्या ज्युनियर संघात, अमेरिकेतल्या कॉलेजात किंवा स्वीडन-फिनलंडमध्ये आणखी दोन-चार वर्षे खेळतो, मग ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्स या एक पायरी खालच्या संघात येतो आणि अशा मुलांतले मोजकेच वर पोहोचतात. म्हणजे एका क्लबची मुले कायम जगभर विखुरलेली असतात, वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या दर्जाच्या लीगांमध्ये. त्यांना एका रांगेत उभे करायचे.

पहिला मोह असतो आकड्यांचा. मीही त्याला बळी पडलो. २०१८ साली डेट्रॉइटने सहाव्या क्रमांकावर फिलिप झादिनाला घेतले. हॅलिफॅक्सकडून ज्युनियर लीगमध्ये त्याने ५७ सामन्यांत ४४ गोल केले होते. तो याहून वर निवडला जाईल असा बहुतेकांचा अंदाज होता. सहाव्यावर मिळाला म्हणून इथे आनंदीआनंद झाला. मी त्याला डोळे झाकून पहिला लिहिले. पुढच्याच वर्षी, पुन्हा सहाव्याच क्रमांकावर, सरव्यवस्थापक स्टीव्ह आयझरमन यांनी मोरित्झ सायडर या जर्मन बचावपटूचे नाव घेतले. ते ऐकून खुद्द सायडरच्या चेहऱ्यावर उमटलेले आश्चर्य कॅमेऱ्यात टिपले गेले. मी त्याला चौथा ठेवला. मॅनहाइमच्या संघातले त्याचे गुण, म्हणजे गोल आणि गोलसाठीचे पास मिळून, थोडे होते, एवढेच माझे कारण.

झादिना डेट्रॉइटसाठी १९० सामने खेळला, २८ गोल केले आणि २०२३ मध्ये उभयपक्षी संमतीने त्याचा करार संपला. सायडर २०२२ मध्ये लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला, त्याला काल्डर करंडक मिळाला. निवडीचा क्रमांक तोच, मैदान तेच. मी बघत होतो ते चुकीचे होते.

काय बघायचे ते मला माझ्या मुलीने शिकवले. ती चौदा वर्षांची होईपर्यंत मिशिगनमधल्या मुलींच्या संघात बचावफळीत खेळायची. पहाटे सहाचा सराव, गाडीच्या काचांवरचे बर्फ खरवडणे, थर्मासमधला चहा, हे सगळे मी केले, पण खेळ बघायला शिकलो नव्हतो. सायडर ग्रँड रॅपिड्समध्ये आला त्या २०१९-२० च्या मोसमात आम्ही दोघे सामन्याला गेलो होतो. मी त्याच्या पासबद्दल काहीतरी म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पक बघताय. त्याची मान बघा."

पक म्हणजे ती काळी रबरी चकती. ती आपल्या गोलमागे जाते, तेव्हा बचावपटूला पाठमोरे होऊन तिच्यामागे धावावे लागते आणि मागून प्रतिस्पर्धी पूर्ण वेगाने अंगावर येत असतो. त्या दोन-तीन सेकंदांत चांगला खेळाडू मान वळवून खांद्यावरून बघतो, एकदा, पुन्हा एकदा, मग पक उचलतो. पक हाती येण्याआधीच तो कुठे द्यायचा हे त्याचे ठरलेले असते. ज्याची मान वळत नाही तो पक मिळाल्यावर विचार करू लागतो, आणि एवढ्यात कडेच्या बोर्डावर चिरडला जातो. सायडरची मान त्या संध्याकाळी घुबडासारखी फिरत होती. त्या मोसमात ४९ सामन्यांत त्याचे गुण अवघे २२, पण तो अठरा वर्षांचा होता आणि तिशीतल्या पुरुषांशी खेळत होता. घरी येऊन मी वहीत नवा रकाना आखला. त्याचे नाव 'मान'.

दुसरा रकाना त्याहून जुना आहे, कोल्हापूरचा. लहानपणी वडिलांबरोबर मी तालमीत जायचो. एक वस्ताद लाल मातीच्या कडेला बसून पोरांकडे बघत असायचे. पोराने डाव मारला तर ते काही बोलत नसत. पोरगा चीतपट झाला की मात्र पुढे वाकत. पडल्यावर तो उठतो कसा, मातीकडे बघतो की जोडीदाराकडे, लगेच खडाखडीला हात पुढे करतो की लंगोट सावरत वेळ काढतो, यावर त्यांचा डोळा असे. माझ्या वहीत त्याचा रकाना झाला: 'चुकीनंतरचे पाच सेकंद'. ट्रॅव्हर्स सिटीच्या सेंटर आइस अरीनात सप्टेंबरमध्ये होतकरूंच्या सामन्यांना मी चार तास गाडी चालवत जातो, ते मुख्यतः या रकान्यासाठी. तिथे संघ नवे असतात, एकमेकांची सवय नसते, चुका भरपूर होतात. छप्पर ठेंगणे, बाक गार, बॉलपेन अडखळते, म्हणून पेन्सिल. एका विंगरच्या काठीवरून पक निसटला. त्याने वर बघितले, हात पसरले, आणि तेवढ्यात प्रतिस्पर्धी तिघे पुढे निघून गेले. त्याच सामन्यात दुसऱ्या एकाचा पास अडवला गेला आणि तो अख्खे मैदान उलटे धावत येऊन शेवटच्या क्षणी काठी मध्ये घालून गेला. पहिला दुसऱ्या फेरीतला, दुसरा सहाव्या फेरीतला. पुढच्या ऑगस्टच्या यादीत सहाव्या फेरीतला वर होता. त्यापुढच्या ऑगस्टमध्ये मी दोघांमधले अंतर आणखी वाढवले.

आकडे टाकून देता येत नाहीत, पण प्रत्येक आकड्याला त्याच्या गावाचे वजन लावावे लागते. ज्युनियर लीगमधला एक गुण आणि स्वीडनच्या वरिष्ठ लीगमधला एक गुण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिकडे समोर बापेमाणसे असतात. ऑगस्ट २०२५ पासून कॅनडातल्या ज्युनियर मुलांना अमेरिकी कॉलेजांची दारे उघडली, त्यामुळे कॉलेजच्या जुन्या हिशेबांवर आता विसंबता येत नाही. आणि जन्मतारीख! ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरला अठरा पूर्ण लागतात. चौदा सप्टेंबरला जन्मलेला आणि सोळा सप्टेंबरला जन्मलेला, दोन दिवसांचे अंतर, पण दुसऱ्याला पूर्ण वर्ष थांबावे लागते आणि मग तो आपल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने लहान मुलांच्या शेजारी मोठा, दणकट, तयार दिसतो. म्हणून प्रत्येक नावापुढे मी आधी जन्ममहिना लिहितो.

गोली, म्हणजे गोलरक्षक, तर वेगळीच जात. फॉरवर्ड विशीत कळतो, बचावपटूला आणखी दोन वर्षे द्यावी लागतात, गोलरक्षक पंचविशीपर्यंत हाती लागत नाही. सेबास्टियन कोसा २०२१ मध्ये पंधराव्या क्रमांकावर निवडला गेला. ग्रँड रॅपिड्सच्याही खालच्या पायरीवर, टोलेडोत, त्याने २०२२-२३ चा बहुतेक मोसम काढला. एनएचएलमध्ये तो पहिल्यांदा उतरला डिसेंबर २०२४ मध्ये. साडेतीन वर्षे. गोलींची क्रमवारी मी वेगळ्या पानावर लावतो आणि मुख्य यादीत त्यांना बसवताना माझा हात अजूनही अडतो.

शेवटची रात्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर जाते. वीस चिठ्ठ्या. पहिल्या तीन लगेच जागेवर बसतात. सातव्यापासून पंधराव्यापर्यंत मात्र सगळा चिखल. हा मुलगा तिसऱ्या फळीत दहा वर्षे नक्की खेळेल. तो मुलगा एकतर तारा होईल किंवा काहीच नाही. वर कोण? मी बहुतेक वेळा दुसऱ्याला वर ठेवतो. भरवशाचा खेळाडू क्लबला बाजारात मिळतो. तारा मात्र घरीच वाढवावा लागतो, आणि डेट्रॉइटइतका याचा अनुभव फार थोड्या शहरांना आहे. निकलास लिडस्ट्रॉम १९८९ च्या तिसऱ्या फेरीतला, ५३ वा. पावेल दात्स्युक आधीच्या ड्राफ्टमध्ये कोणाच्याच नजरेत भरला नव्हता. डेट्रॉइटचे स्काउट हॉकान अँडरसन रशियात दुसऱ्याच एका बचावपटूला पाहायला गेले असताना त्यांना तो दिसला. १९९८ मध्ये त्याला १७१ व्या क्रमांकावर घेतले. हेन्रिक झेटरबर्ग १९९९ मध्ये २१० वा. एनएचएल विजेत्याचा २००८ चा स्टॅनली कप या तिघांनी एकत्र उचलला.

म्हणून विसाव्या चिठ्ठीवर मी सर्वात जास्त वेळ घालवतो. तिथे कोणाला घेतले याहून कोणाला वगळले हे मला टोचते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मी एमिट फिनी नावाच्या मुलाला वगळले. सातव्या फेरीतला, २०१ वा, कॅम्लूप्सच्या ज्युनियर संघातला. त्याला मी एकदाही पाहिलेले नव्हते, आणि पाच सामन्यांच्या माझ्या नेमाने तो आपोआप बाहेर पडला. ९ ऑक्टोबर २०२५ ला, संघाच्या मोसमातल्या पहिल्याच सामन्यात, तो रेड विंग्जच्या लाल जर्सीत बर्फावर उतरला. त्याच रात्री आणखी दोघांचे पदार्पण झाले, अ‍ॅक्सेल सांडिन पेलिका आणि मायकेल ब्रान्सेग-निगार्ड. ते दोघेही पहिल्या फेरीतले आणि माझ्या यादीत अगदी वरचे.

तेव्हापासून नेम बदलला आहे. सहाव्या-सातव्या फेरीतल्या प्रत्येक मुलाचा एक तरी सामना, मिळेल तिथून, पडद्यावर का होईना, मी पूर्ण पाहतो. हिवाळ्यात मिशिगनला आलात तर एक संध्याकाळ ग्रँड रॅपिड्ससाठी ठेवा. गोलच्या मागची, वरची जागा घ्या, एक आकडा निवडा आणि पहिली वीस मिनिटे त्या मुलावरून नजर हलवू नका.