घरच्या पेटीतला ठेवा ओळखायला शिकू या

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतला अकरावीचा एक विद्यार्थी धावतच घरी आला. मुठीत एक रुपयाचे नाणे होते. नाण्यावर बाबासाहेबांची प्रतिमा आणि १९९० हे साल. "काका, याचे पाच लाख मिळतात म्हणे!" मोबाईलवर तशी जाहिरात आली होती. फक्त आधी नोंदणीचे दीड हजार रुपये भरायचे होते. त्याच्या आईने बचत गटातून रक्कम उचलायचीही तयारी केली होती. आम्ही त्याला बसवले, पाणी दिले आणि म्हटले, "पैसे नंतर भर. आधी आपण या नाण्याचा अभ्यास करू."

तो अभ्यास आमच्या कुटुंबांतील प्रत्येकाला यावा, म्हणून हा लेखप्रपंच.

बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले ते १९९० साली. त्यांच्या जन्मशताब्दीचे हे नाणेही त्याच सालचे. ते रोजच्या व्यवहारासाठी काढलेले होते, म्हणून आजही अनेक घरांत सापडते. सालाच्या खाली टाकसाळीची खूण पाहावी. हिऱ्याच्या आकाराची खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, आणि खूण नसेल तर कोलकाता. आमच्या विद्यार्थ्याचे नाणे वापरून पार गुळगुळीत झाले होते. अशा नाण्याला पाच लाख कोण देणार? जुनी नाणी व नोटा यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला आहे. जो विकत घेणार तोच आपल्याकडे आधी पैसे मागतो, तिथे फसवणूक आहे हे पक्के समजावे.

मग एखादी वस्तू दुर्मिळ कशी ठरते? केवळ जुनी आहे म्हणून नव्हे, आणि आपली तिच्यावर श्रद्धा आहे म्हणूनही नव्हे. चार प्रश्न विचारावेत. किती निघाल्या? किती उरल्या? हातातली कोणत्या अवस्थेत आहे? आणि ती खरी असल्याचा पुरावा काय?

अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटातून बेसबॉल खेळाडूंची छोटी चित्रपत्रे मिळत. त्यांतले होनस वॅग्नर या खेळाडूचे एक पत्र २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरना विकले गेले. त्याच मालिकेतील कित्येक पत्रांना त्या मानाने किरकोळ किंमत येते. वय सर्वांचे सारखेच. पण वॅग्नरची पत्रे फारच थोडी निघाली. फरक संख्येचा आहे.

आपल्या तिकिटांनाही हेच लागू आहे. बाबासाहेबांवरचे पहिले टपाल तिकीट १९६६ साली निघाले, १५ पैशांचे. पुढे १९७३ चे २० पैशांचे आणि १९९१ चे एक रुपयाचे. विशेष तिकिटाबरोबर टपाल खाते माहितीपत्रक काढते, त्यात किती तिकिटे छापली हा आकडा दिलेला असतो. तो आधी वाचावा. मग तिकिटाचे दाते शाबूत आहेत का, मागचा डिंक मूळचा आहे का, कुठे कागद पातळ झाला आहे का, हे उजेडात धरून पाहावे. किंमत ठरवताना विकणारा काय मागतो त्यावर जाऊ नये. लिलावात तशी वस्तू प्रत्यक्ष कितीला गेली ते पाहावे. मागायला काय, कोणीही कितीही मागेल!

आता आमचीच चूक सांगतो. शाळेत असताना आम्हाला तिकिटांचा नाद लागला. आजोबांच्या लोखंडी पेटीत नागपूरच्या एका नातलगाचे पत्र पाकिटासकट ठेवलेले होते. पाकिटावर १९५६ च्या बुद्धजयंतीचे दोन आण्यांचे तिकीट आणि चांदा टपाल कचेरीचा शिक्का होता. आम्ही पाकीट पाण्यात भिजवले, तिकीट सोडवून वहीत चिकटवले आणि पाकीट फेकून दिले. आजोबा काही बोलले नाहीत.

पुढे पत्र नीट वाचले. "बाबासाहेब चांद्याला येत आहेत, सर्वांना घेऊन या," असा त्यात मजकूर आहे. पण पत्रावर तारीखच नाही! १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्यात झालेल्या धम्मदीक्षेआधीचे ते पत्र, हे सिद्ध करणारा शिक्का त्या पाकिटावर होता. चांदा हे नावही पुढे बदलून चंद्रपूर झाले. तिकीट आजही बाजारात विकत मिळते. ते पाकीट जगात एकच होते आणि आम्ही ते मोरीत टाकले.

म्हणून विनंती आहे. जुने पाकीट भिजवू नका. नाणे चिंचेने वा राखेने घासू नका. चकाकी येते, पण मोल जाते. कागदाला चिकटपट्टी लावू नका. आपल्या जिल्ह्यातला उन्हाळा ध्यानात घेऊन पेटी पत्र्याखाली ठेवू नका, आणि वाळवीवर नजर ठेवा. शेतात नांगरताना जुनी नाणी सापडली तर दलालाला देऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला सुरू झाला, 'जनता' १९३० साली, 'प्रबुद्ध भारत' १९५६ साली. कोणाच्या माळ्यावर यांचा मूळ अंक असेल तर तो रद्दीत जाऊ देऊ नका. मात्र कोणी मूळ अंक म्हणून विकायला आणला तर कागद व छपाई जाणकाराला दाखवा. 'मूकनायक' व 'बहिष्कृत भारत' यांचे पुनर्मुद्रण महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये केलेले आहे. ते वाचण्यासाठी अमोल आहे, पण मूळ अंक नव्हे. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड संपादणारे वसंत मून आपल्या विदर्भातलेच. असे कागद जपले गेले म्हणून ते खंड उभे राहिले.

तो विद्यार्थी दीड हजार रुपये भरायचा थांबला. नाणे त्याने आईला दिले. आता रविवारी तो वही घेऊन वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जातो. कोणाकडे कोणते पत्र, कोणता फोटो, कोणी दिला, केव्हा दिला, हे सारे नोंदवून घेतो. आमच्या आजोबांच्या पत्राची नोंदही त्यानेच केली. तारखेच्या रकान्यात त्याने लिहिले, "पाकीट नाही." आम्ही वाचले आणि खाली सही केली.

जय भीम!