एक लाख त्रेचाळीस हजारांचा एक डाव

बुद्धिबळाचा डाव समोरासमोर बसूनच खेळावा लागतो असे नाही. पूर्वी परगावचे खेळाडू पोस्टकार्डावर चाल लिहून पाठवीत. उत्तर येईपर्यंत विचाराला भरपूर सवड मिळे. पोस्टकार्डाची जागा आता इंटरनेटने घेतली, पण सवडीने खेळण्याची रीत टिकून आहे.

४ एप्रिल २०२५ रोजी असाच एक डाव सुरू झाला. पांढऱ्या सोंगट्या नॉर्वेच्या मॅग्नस कार्लसनकडे. हा पाच वेळा विश्वविजेता ठरलेला खेळाडू. काळ्या सोंगट्या देशोदेशींच्या १ लाख ४३ हजारांहून अधिक माणसांकडे! एका चालीला २४ तास. ही सारी माणसे मतदान करीत आणि जिला जास्त मते, तीच चाल खेळली जाई. १९९९ मध्ये कास्पारोव्ह आणि २०२४ मध्ये आपला विश्वनाथन आनंद असेच हजारोंविरुद्ध खेळले होते. दोघेही जिंकले.

या डावाची सुरुवात मात्र निराळी होती. नेहमीच्या बुद्धिबळात पहिल्या दहा-पंधरा चाली पुस्तकांतून पाठ केलेल्या असतात. ज्याच्याकडे पुस्तके आणि शिक्षक, तो तिथेच पुढे. हे पाठांतर मोडावे म्हणून बॉबी फिशरने १९९६ मध्ये नवी पद्धत मांडली. प्यादी जागच्या जागी. मागच्या रांगेतल्या सोंगट्या मात्र सोडत काढून लावायच्या. अट एवढीच, की दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत हवेत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये हवा. समोरच्याची मांडणीही तशीच. अशा ९६० मांडण्या होतात, नेहमीची त्यांतलीच एक. म्हणजे पहिल्या चालीपासून डोके चालवणे आले.

तरीही कार्लसन सहज जिंकेल असाच अंदाज होता. पण ३२ व्या चालीपर्यंत काळ्याने त्याचा राजा कोपऱ्यात गाठून शहावर शह दिले. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की डाव बरोबरीत सुटतो. तिसरा शह द्यावा की हरण्याचा धोका पत्करून लढावे, यावर त्या लोकांत दोन तट पडले. अखेर बहुमत शहाच्या बाजूने गेले आणि १९ मे रोजी डाव बरोबरीत सुटला. कोणी याला भित्रेपणा म्हणेल. आम्हाला तो शहाणपणा वाटतो. जग सुरुवातीपासून भक्कम खेळले, हे खुद्द कार्लसननेही मान्य केले.

मुलांनो, घरी पट असेल तर रविवारी आठ चिठ्ठ्या करा आणि मागची रांग सोडतीने लावून पाहा. राजा हत्तींच्या मध्ये आला नाही, तर चिठ्ठ्या पुन्हा टाका.