लॅपटॉप गोधडीवर ठेवू नका

म्हसवडच्या बायकांनी बँकेसाठी पहिला अर्ज केला, तेव्हा त्यावर अंगठे होते म्हणून परवाना मिळाला नाही. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, व्याजाचा हिशोब तोंडी करून दाखवायला तयार झाल्या आणि 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आज आपल्या बऱ्याच बचत गटांचा हिशोब लॅपटॉपवर गेलाय. आता तो लॅपटॉप सांभाळणंही आपल्यालाच शिकायला हवं.

हे आम्ही धडा घेऊन सांगतोय. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाचा लॅपटॉप पत्र्याच्या खोलीत, गोधडीवर, रात्रभर चार्जिंगला असायचा. एक दिवस बघतो तर बोट फिरवायची पट्टी वर आलेली. आम्हाला वाटलं, उन्हानं प्लास्टिक वाकलं असेल. एकीनं ती हातानं दाबूनही पाहिली. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, आतली बॅटरी फुगलीय. दाबू नका, पेट घेईल."

असं का होतं? या बॅटरीला लिथियम-आयन म्हणतात. मोबाईलमध्येही हीच असते. 1991 साली ती बाजारात आली आणि 2019 मध्ये ती घडवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही बॅटरी चार्ज होताना आणि वापरताना आतली रसायनं थोडी थोडी झिजतात. उष्णतेनं झीज वाढते, आत वायू धरतो आणि बॅटरी फुगते. माण, खटाव, आटपाडी, जतला उन्हाळ्यात पारा 40 अंशांवर जातो. पत्र्याखाली त्याहून जास्त. त्यात खाली गोधडी असली की लॅपटॉपची हवा जायची भोकं बंद होतात. म्हणून तो लाकडी पाटावर किंवा टेबलावर ठेवा. चार्जिंग सकाळी नाहीतर संध्याकाळी, थंड वेळेला करा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तो ठेवू नका.

आता आयुष्याचं बोलू. बॅटरी साधारण 300 ते 500 वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद घटलेली जाणवते. काही त्याहून जास्तही टिकतात. इथे हिशोब कळशीचा आहे. दोन अर्ध्या कळश्या म्हणजे एक कळशी. तसंच आज निम्मी आणि उद्या निम्मी चार्ज केली, तर ते एकदाच मोजलं जातं. म्हणून थोडं थोडं चार्ज करायला घाबरू नका. "पूर्ण संपवून मगच लावा" हा सल्ला जुन्या, वेगळ्या जातीच्या बॅटऱ्यांचा.

पोतं दाबून भरलं की शिवण ताणते. बॅटरीही सतत 100 टक्के भरलेली असली की ताणात राहते. रोजच्या कामाला 20 ते 80 टक्क्यांच्या मधे ठेवली तर बरी. बऱ्याच लॅपटॉपमध्ये 80 टक्क्यांना चार्जिंग थांबवायची सोय असते. कॉलेजला जाणाऱ्या लेकीकडून ती चालू करून घ्या. महिना-दोन महिने लॅपटॉप लागणार नसेल, तर निम्मी चार्ज करून बंद करा. रिकामी ठेवलेली बॅटरी कधी कधी परत उठतच नाही.

चार्जर लॅपटॉपला जुळणाराच घ्या. त्यावर व्होल्ट लिहिलेले असतात, ते जुळलेच पाहिजेत. बीआयएसची खूण आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी नंबर बघा. स्वस्तातला बिननावाचा चार्जर नको. तीन पिनांमधली जाड पिन अर्थिंगची असते, ती कापू नका. वायर सोललेली असेल तर चिकटपट्टी लावून चालवू नका. लाईट गेली की चार्जर काढा आणि परत आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून लावा, कारण येताना दाब कमी-जास्त होतो. घरात सगळे झोपलेले असताना चार्जिंग नको.

बॅटरी फुगली, लॅपटॉप चटका बसेल इतका तापला किंवा गोडसर, उग्र वास आला तर लगेच चार्जिंग बंद करा. लॅपटॉप बंद करून कपडे, कडबा, गॅस यांच्यापासून लांब, फरशीवर ठेवा. दाबू नका, टोचू नका. धूर निघाला तर तो विषारी असतो. जमत असेल तर मेन स्विच पाडा, पोराबाळांना घेऊन बाहेर पडा आणि 112 ला फोन लावा.

जुनी बॅटरी उकिरड्यावर, घंटागाडीत किंवा भंगारात देऊ नका. 2022 च्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीची आहे. सर्व्हिस सेंटरला विचारून तिथे जमा करा.

आमची बॅटरी बदलली, पैसे गेले. पण बायकांच्या हप्त्यांची नोंद पेनड्राइव्हवर होती म्हणून वाचली. बॅटरी विकत मिळते, हिशोब मिळत नाही. तेव्हा पुढच्या बैठकीत दोन कामं करा. लॅपटॉप उलटा करून तो कुठे फुगलाय का बघा, आणि हिशोबाची एक प्रत दुसरीच्या घरी ठेवा.