विश्लेषण : पुण्याचा नदीकाठ सजतो आहे, पण पवनेचे पाणी स्वच्छ नसेल तर?

पुण्यात संगमवाडी ते बंडगार्डनदरम्यान नदीकाठाचे रूप बदलते आहे. घाट, पायवाटा, सायकल मार्ग आणि बसायला जागा असा हा नवा काठ मध्यवर्ती पुण्याला पुन्हा नदीजवळ आणेल, असा महापालिकेचा दावा आहे. या काठावरून वाहणाऱ्या पाण्यात मावळातल्या पवनेचाही वाटा आहे. त्यामुळे हा विषय परंदवडी, सोमाटणे आणि गहुंजे इथल्या रहिवाशांशीही जोडलेला आहे. तो कसा, हे समजून घेऊ.

परंदवडीचे पाणी बंडगार्डनला कसे पोहोचते?

बेगडेवाडी किंवा घोरावाडीहून लोकलने पुण्याला जाणाऱ्यांनी दापोडी सुटल्यावर खिडकीबाहेर पाहावे. खडकीच्या आधी गाडी मुळा नदी ओलांडते. या पुलाच्या थोडे वरच्या अंगाला पवना मुळेला मिळते. लोणावळ्याजवळच्या डोंगरात उगम पावलेली पवना धरणातून पुढे येते आणि परंदवडीचा परिसर, शिरगाव, गहुंजे, रावेत, चिंचवड असा प्रवास करत दापोडीला पोहोचते. मुळा पुढे संगमावर मुठेला भेटते. तिथून नदीचे नाव मुळा-मुठा होते आणि बंडगार्डनचा बंधारा लागतो. म्हणजे नव्या घाटाच्या पायरीला जे पाणी लागणार, त्यात पवनाही आहे.

प्रकल्प नेमका काय आहे?

पुणे महापालिकेचा नदीकाठ सुधार प्रकल्प मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरचा आहे. कामाचे ११ टप्पे पाडले आहेत. ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले. खर्चाचा अंदाज सुमारे ४,७०० कोटी रुपयांचा आहे. काठ बांधून काढणे, सलग पायवाट तयार करणे, उद्याने आणि घाट जोडणे, सांडपाण्याच्या वाहिन्या अडवणे आणि ठिकठिकाणी बंधारे घालून पाणी धरून ठेवणे, ही कामाची मुख्य अंगे आहेत. काम सर्वांत पुढे गेले आहे ते संगमवाडी ते बंडगार्डन या पट्ट्यात.

आज या काठावर काय पाहायला मिळते?

पुण्याचा जुना गाभाच नदीला लागून आहे. ओंकारेश्वराचे पेशवेकालीन मंदिर, शनिवार पेठेचे घाट, एकेकाळी लाकडी असलेला लकडी पूल, पलीकडे डेक्कन. बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजारही नदीपासून फार दूर नाही. बंडगार्डनला १८६९ मध्ये बांधलेला दगडी कमानींचा फिट्झगेराल्ड पूल उभा आहे आणि खाली येरवडा-कल्याणीनगरच्या काठाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य म्हणून ओळखला जाणारा हिरवा पट्टा आहे. थंडीत तिथे दुर्बिणी घेऊन पक्षीप्रेमी जमतात.

नदीची पुणेकरांची स्वतःची अशी मोजपट्टीही आहे. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की 'भिडे पूल पाण्याखाली' ही बातमी येते आणि लोक काठावर पाणी बघायला जमतात. अनंत चतुर्दशीला मिरवणुका लकडी पुलाच्या दिशेने येतात. विसर्जन मात्र आता मोठ्या प्रमाणात नदीत न होता काठावरच्या हौदांत होते. नदी डोळ्यासमोर आहे, पण मूर्ती हौदात सोडावी लागते. यातूनच पाण्याची अवस्था कळते.

मेट्रोमुळे या भागात पोहोचणे सोपे झाले आहे. मावळातून लोकलने शिवाजीनगरला उतरले की मेट्रोने डेक्कन, संभाजी उद्यान किंवा कसबा पेठ गाठता येते. मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंतचा मार्ग खुला झाल्यापासून बंडगार्डनलाही मेट्रोचे स्थानक आहे.

मग वाद कशाचा?

आक्षेप तीन आहेत. पहिला झाडांचा. काठावरची जुनी झाडे तोडण्याच्या प्रस्तावाविरोधात एप्रिल २०२३ मध्ये पुणेकरांनी 'चिपको'च्या धर्तीवर आंदोलन केले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंतही गेले.

दुसरा पुराचा. काठ भरून आणि बांधून नदीचे पात्र अरुंद होईल, अशी पर्यावरणप्रेमींची भीती आहे. पात्र नीट आखल्याने आणि अडथळे काढल्याने पाणी लवकर वाहून जाईल, असे महापालिकेचे म्हणणे आहे. पुण्याला पूर नवा नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांत पाणी शिरले. पूररेषा आखताना २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा धरतात. पावसाचे स्वरूप बदलत असताना जुन्या आकड्यांवर किती विसंबायचे, हा यातला कळीचा प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप पाण्याचा, आणि मावळाचा संबंध येतो तो इथेच.

पाणी कुठून येणार?

अहमदाबादचा साबरमती काठ या प्रकल्पाचा आदर्श मानला जातो. दोन्हीकडे सल्लागार संस्थाही एकच आहे. मात्र २०१२ मध्ये खुल्या झालेल्या साबरमतीच्या काठाला भरलेली नदी दिसते, ती नर्मदेच्या कालव्यातून सोडलेल्या पाण्यामुळे. पुण्याकडे असा कालवा नाही.

इथे मुठेचे पाणी पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला धरणांत अडते आणि शहर व शेतीला जाते. मुळशी धरणाचे पाणी वीजनिर्मितीसाठी कोकणात उतरते. उरते पवना. साडेआठ टीएमसी क्षमतेच्या पवना धरणातून पाणी नदीत सोडले जाते आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते रावेतच्या बंधाऱ्यातून उचलते. हे प्रमाण रोज ५०० दशलक्ष लिटरच्या घरात आहे. म्हणजे धरण ते रावेत हा नदीचा भागच शहराची उघडी जलवाहिनी आहे.

याच पाण्यासाठी धरणातून थेट बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर झालेल्या गोळीबारात तीन आंदोलकांचा मृत्यू झाला आणि योजना थांबली. नदी वाहती राहिली तरच काठची शेती आणि गावच्या पाणीयोजना टिकतील, हा शेतकऱ्यांचा मुद्दा होता. पुण्यात नदीकाठाचे नियोजन करणाऱ्यांनाही हाच मुद्दा लागू पडतो.

रावेतनंतर उन्हाळ्यात पात्रात उरते ते मुख्यतः शहरांचे सांडपाणी, काही शुद्ध केलेले तर काही थेट सोडलेले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पवना, मुळा, मुठा आणि मुळा-मुठा या सगळ्यांची नावे आहेत. असे पाणी बंधारे घालून अडवले तर ते साचून राहते. मग जलपर्णी वाढते, तिच्या मागोमाग डास येतात आणि दुर्गंधीही. घाट कितीही देखणा असला तरी तिथे संध्याकाळी कुणी बसणार नाही.

सांडपाण्यावर काही होते आहे का?

होते आहे, पण वेग कमी आहे. जपानच्या 'जायका' संस्थेच्या अर्थसाह्यातून पुण्यात ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे उभारण्याचा प्रकल्प आहे. त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर आहे. करार २०१६ मध्ये झाला. कामे मात्र मूळ मुदतीपेक्षा बरीच लांबली.

सिंगापूरचे उदाहरण इथे उपयोगी पडते. तिथल्या नदीची सफाई १९७७ मध्ये हाती घेतली गेली आणि पुढची दहा वर्षे फक्त तेवढेच काम झाले. सांडपाणी वाहिन्या टाकल्या, काठचे फेरीवाले आणि डुकरपालन हलवले, गाळ काढला. आज पर्यटकांनी गजबजलेले क्लार्क की आणि बोट की हे तिथले काठ नंतर नावारूपाला आले. आधी पाणी, मग काठ, असा तो क्रम होता. पुण्यात दोन्ही कामे एकाच वेळी सुरू आहेत आणि काठाचे काम अधिक ठळकपणे दिसते.

मावळाने यात काय करायचे?

सोमाटणे फाटा, परंदवडी, तळेगाव या पट्ट्यात गृहप्रकल्प झपाट्याने वाढले आहेत. २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यात सांडपाणी शुद्धीकरणाची अट असते. त्याहून लहान इमारती, हॉटेले आणि गावठाणातील घरांचे सांडपाणी शोषखड्ड्यात नाहीतर ओढ्यात जाते. ओढा शेवटी पवनेलाच मिळतो. त्याच पवनेचे पाणी खाली रावेतला पिण्यासाठी उचलले जाते.

म्हणून नव्या घराची चौकशी करताना पाणी आणि पार्किंगबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा: सांडपाणी कुठे जाते? सोसायटीत शुद्धीकरण यंत्रणा असेल तर ती रोज चालते का, की वीजबिल वाचवण्यासाठी बंद असते? ग्रामसभेत रस्ते आणि दिव्यांबरोबर ओढ्यात उतरणाऱ्या गटारांचा विषयही मांडता येतो. शहरात शेकडो कोटी खर्चून जे पाणी पुन्हा शुद्ध करावे लागते, ते गावातच घाण होऊ न देणे कितीतरी स्वस्त पडते.

पुढे काय पाहायचे?

प्रकल्पाचे यश किती किलोमीटर पायवाट झाली यावर मोजले जाईल. नदीकाठच्या रहिवाशांसाठी खरी कसोटी मात्र मे महिन्यात असेल. त्या महिन्यात बंडगार्डनच्या बंधाऱ्याजवळ उभे राहून नाकाला रुमाल लावावा लागला नाही, तर काठ सुधारला असे म्हणता येईल. त्यासाठी घाटाच्या दगडाइतकेच परंदवडीच्या ओढ्याकडेही लक्ष द्यावे लागेल.